चित्रतुरग आणि रुग्णवाहिका

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहराच्या दक्षिणेला लेडूक नावाचं शहर आहे. तिथल्या अग्निशमन दलात जवान आणि पॅरामेडिक म्हणून काम केलेल्या डॅनियल सनडाल यांची छायाचित्रं गेल्या दशकात देशोदेशींच्या रुग्णवाहिकांवर, अग्निशमन दलांत आणि पोलिसांत काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचली. ही छायाचित्रं घटनास्थळी टिपलेली नाहीत. आपण धावून गेलो त्या प्रसंगांच्या आठवणींवरून सनडाल दृश्य मांडतात, गणवेशातली माणसं त्यात बसवतात, प्रकाश ठरवतात आणि नंतर संगणकावर त्यावर इतकं काम करतात की छायाचित्र कुठे संपलं आणि रंगवलेलं चित्र कुठे सुरू झालं, हे सांगता येऊ नये. काम उरकून टेकलेला माणूस, आणि त्याच्या अगदी लगत वाचवता न आलेल्यांच्या फिकट आकृती किंवा त्याला घेरून बसलेली काळी सावली, असा या चित्रांचा साधारण विषय. संकटात सर्वांत आधी पोचणाऱ्यांच्या मनाचं पुढे काय होतं ते लोकांना कळावं, हा त्यामागचा हेतू. त्या हेतूबद्दल कुणाचा वाद असणार नाही. वाद आहे तो साधनाबद्दल. वेदना खरी असेल, तर तिचं दृश्य रचावं का लागतं? आणि रचलेल्या दृश्यावरून खऱ्या वेदनेबद्दल काही कळतं असं म्हणता येईल का? हा प्रश्न वरवर छायाचित्रकलेचा वाटतो. मुळात तो ज्ञानाचा आहे. दुसऱ्याच्या मनातलं दुःख आपल्याला कळतं, ते कोणत्या प्रमाणाने? माझं म्हणणं असं की रचलेलं छायाचित्र ही एक साक्ष आहे, आणि या विशिष्ट दुःखाबाबत साक्षीइतकं थेट दुसरं प्रमाण आपल्यापाशी नाही.

आधी दुःखाचं स्वरूप पाहू. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, हे निदान पहिल्यांदा समाविष्ट केलं. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत त्यात एक महत्त्वाची भर पडली. स्वतःवर संकट ओढवलं नसलं, तरी कामाचा भाग म्हणून इतरांवरच्या संकटाचे भीषण तपशील पुन्हापुन्हा समोर येणं, हाही आघात मानला गेला. आणि त्याचं उदाहरण म्हणून मानवी अवशेष गोळा करणाऱ्या, सर्वांत आधी पोचणाऱ्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख झाला. या विकाराची लक्षणं कोणती? नको असताना घुसणारी आठवण, दुःस्वप्नं, त्या रस्त्याने किंवा त्या वासाच्या जवळ न जाणं, प्रेमाच्या माणसांविषयीही काही न वाटणं, साध्या आवाजाने दचकणं. ही सगळी घटनेनंतरची आहेत. काही वेळा महिन्यांनंतरची. घटनेच्या क्षणी त्या माणसाचा हात स्थिर असतो, कारण तो स्थिर राहावा यासाठीच त्याला शिकवलेलं असतं. तेव्हा अपघाताच्या जागी बातमीदाराने कितीही प्रामाणिकपणे छायाचित्र घेतलं, तरी त्यात दिसणार तो एक कुशल, सावध, खंबीर माणूस. ते छायाचित्र खोटं नाही. पण आपल्याला ज्याबद्दल विचारायचं आहे, त्याबद्दल ते मूक आहे, आणि पाहणाऱ्याचा समज मात्र असा होतो की या माणसाला काही होत नाही. जी जखम आठवणीत होते, ती घटनास्थळी कॅमेरा नेऊन सापडत नाही.

शिवाय ते घटनास्थळ त्या कर्मचाऱ्याचं नसतं. ते जखमी माणसाचं आणि मृताच्या घरच्यांचं असतं. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्यांची मुलगी आणि आणखी सात जण हेलिकॉप्टर कोसळून गेले. घटनास्थळी गेलेल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांनी तिथली छायाचित्रं काढून आपसांत फिरवली. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्यूरीने ब्रायंट यांच्या पत्नीला १ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्याआधीच कॅलिफोर्नियाने अशा कर्मचाऱ्यांनी कामाच्या गरजेशिवाय मृतांची छायाचित्रं घेणं हा गुन्हा ठरवला होता. ते योग्यच होतं. मदतीला आलेल्या माणसासमोर आपण ज्या असहाय अवस्थेत पडलेलो असतो, ती अवस्था त्याच्या हाती विश्वासाने सोपवलेली असते. आपलं दुःख दाखवण्यासाठीही तिचा वापर करण्याचा त्याला हक्क नाही. म्हणजे खरं दृश्य त्याच्या दुःखाबद्दल काही सांगत नाही, आणि जे काही सांगतं ते सांगण्याची त्याला परवानगी नाही. अशा कोंडीत दृश्य रचणं हा दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहण्याचा मार्ग आहे.

तरीही आक्षेप उरतोच की रचलेलं ते खोटं. छायाचित्राच्या इतिहासात याला आधार देणारी उदाहरणं आहेत. अमेरिकी यादवी युद्धातल्या, १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर यांनी प्रसिद्ध केलेल्या एका छायाचित्रात दगडांच्या आडोशाला मरून पडलेला बंडखोर नेमबाज दिसतो. शंभरहून अधिक वर्षांनी, १९७५ साली, विल्यम फ्रॅसानिटो यांनी दाखवून दिलं की तोच देह दुसऱ्या जागीही चित्रित झाला होता आणि तिथून उचलून या दगडांमागे आणला गेला होता. हे वाचून आपल्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटणं रास्त आहे. पण त्याच्याही आधी, १८४० साली, पॅरिसमध्ये इपोलित बायार यांनी स्वतःला बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात चित्रित केलं होतं. छायाचित्रणाच्या शोधाचं श्रेय आणि राजाश्रय दागेर यांना मिळाला, बायार यांची उपेक्षा झाली, म्हणून हा निषेध. मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं की हे प्रेत बायार यांचंच आहे. मेलेला माणूस असं लिहू शकत नाही, हे वाचणाऱ्याला कळत होतं. आणि उपेक्षेचं दुःख खरं होतं, हेही कळत होतं. रचना दोन्हीकडे आहे. गार्डनर यांच्या चित्राने जे घडलं नाही ते घडल्याचा दावा केला, बायार यांच्या चित्राने तो केला नाही. तेव्हा खोटेपणा शोधायचा तर तो दाव्यात शोधावा लागतो.

इथे न्यायशास्त्राची मदत घ्यावीशी वाटते. नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. छायाचित्राला आपण सवयीने प्रत्यक्षाच्या रांगेत बसवतो. डोळ्यांनी पाहिल्यासारखंच ते आहे असं धरून चालतो. मग ते रचलेलं आहे असं कळलं की एकदम पायाखालची जमीन सरकते. पण दुसऱ्याच्या मनातल्या दुःखाबाबत प्रत्यक्ष हे प्रमाण आपल्याला उपलब्ध कधीच नव्हतं. चेहऱ्यावरून अनुमान करता येतं, पण ज्यांना चेहरा स्थिर ठेवण्याचंच शिक्षण मिळालं आहे त्यांच्या बाबतीत तेही लंगडं पडतं. उरतो तो शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताचं लक्षण सांगितलं आहे: ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे ते आवर्जून म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. सांगणाऱ्याचा अधिकार इथे जन्मावर किंवा पदवीवर ठरत नाही. त्याने ते जाणलं आहे का आणि त्याला ते सरळ सांगायचं आहे का, एवढंच पाहिलं जातं. वीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेला माणूस आपल्या मनात काय येतं ते सांगतो, तेव्हा त्या विषयात तो आप्त आहे. त्याने ते शब्दांत सांगितलं काय किंवा प्रकाश, गणवेश आणि सावल्या मांडून सांगितलं काय, प्रमाणाची जात बदलत नाही. त्यामुळे त्या चित्राची परीक्षाही साक्षीसारखीच घ्यायला हवी. चित्र घडवणाऱ्याने हे कुणाकडून ऐकलं, ज्याचं दुःख आहे त्याने ते चित्र पाहून हे असंच आहे म्हटलं का, आणि पाहणाऱ्यापासून रचना लपवली का, हे विचारायला हवं. जाहिरात संस्थेने केवळ कल्पनेवरून उभं केलेलं हळवं चित्र या कसोटीवर नापास होईल. सनडाल यांच्यासारख्यांचं काम टिकेल, कारण ज्याने भोगलं तोच सांगतो आहे.

पाहणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट आपल्या परंपरेने फार बारकाईने पाहिली आहे. रसचर्चेत श्रीशंकुकांनी चित्रतुरगाचा, म्हणजे चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहून आपण हा घोडा असं म्हणतो, तेव्हा ते सम्यक् ज्ञान नसतं, कारण तिथे घोडा नाही. मिथ्या ज्ञानही नसतं, कारण आपण फसलेलो नसतो. हा घोडा आहे की नाही असा संशय नसतो, आणि हा घोड्यासारखा आहे एवढी सादृश्याची जाणीवही नसते. ही पाचवी, या चारांहून निराळी प्रतीती आहे. अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांनी शंकुकांचा अनुकरणाचा सिद्धान्त खोडून काढला, ते खंडन मला पटतं. नट रामाचं अनुकरण करू शकत नाही, कारण राम कुणी पाहिलेला नाही. पण खरं की खोटं एवढ्या दोनच खणांत सगळं पाहणं बसत नाही, हे शंकुकांचं निरीक्षण त्या खंडनानंतरही शाबूत राहतं. रुग्णवाहिकेत बसलेल्या पॅरामेडिकशेजारी मृत मुलाची धूसर आकृती पाहताना कुणालाही तिथे खरोखर मूल होतं असं वाटत नाही, आणि कुणी आपल्याला गंडवतंय असंही वाटत नाही. कॅनडाचेच जेफ वॉल यांनी १९९२ साली अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत गस्तीवरच्या हल्ल्यानंतरचं एक भलंमोठं दृश्य संपूर्णपणे स्टुडिओत रचलं. त्यात मेलेले सैनिक एकमेकांशी बोलत आहेत. युद्धाच्या छायाचित्रांकडे आयुष्यभर संशयाने पाहणाऱ्या सुझन सोंटॅग यांनी २००३च्या आपल्या पुस्तकाच्या शेवटी याच रचलेल्या चित्राला मानाची जागा दिली. मेलेली माणसं बोलताना दाखवणाऱ्या चित्राने निदान स्वतःच्या स्वरूपाबद्दल काही लपवलेलं नसतं.

याहून अवघड आक्षेप सौंदर्याचा आहे. ही चित्रं देखणी असतात. प्रकाश नेमका पडतो, रंग खोल असतात, माणूस एखाद्या शोकनाट्यातल्या नायकासारखा बसलेला असतो. जिवंत माणसाच्या यातनेतून पाहणाऱ्याला एक प्रकारचं सुख मिळत असेल, तर ते नीतीला धरून आहे का? करुणरसातून आनंद कसा मिळतो हा प्रश्न मराठी समीक्षेनेही पिढ्यान्‌पिढ्या चघळला आहे. अभिनवगुप्तांच्या परंपरेचं उत्तर असं की साधारणीकरणाने तो शोक कुणा एकाचा राहत नाही, आणि म्हणून त्याचा आस्वाद दुःखद होत नाही. बाराव्या शतकातल्या ‘नाट्यदर्पण’कारांनी, रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी, हे मानलं नाही, करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखात्मकच आहेत असं त्यांनी ठामपणे म्हटलं. या चित्रांपुरता मी ‘नाट्यदर्पण’कारांच्या बाजूने आहे. सीतेचं दुःख पाहणारा प्रेक्षक सीतेला मदत करू शकत नाही. पण या चित्रातला माणूस उद्या सकाळी कामावर जाणार आहे, त्याचं दुःख कमी करणं कुणाच्या तरी हाती आहे. तिथे आस्वादात विसावणं म्हणजे आपली जबाबदारी टाळणं ठरेल. म्हणून चित्राने खुपलं पाहिजे. देखणेपणाने माणूस थांबतो एवढ्यापुरताच त्या देखणेपणाचा उपयोग मानावा, आणि जिथे चित्र पाहून फक्त हळहळ वाटते तिथे ते फसलं असं म्हणावं.

आणि पाहणारे एकाच जातीचे नसतात. अभिनवगुप्तांनी रसास्वादातली जी सात विघ्नं सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने माणूस विवश होणं हे एक आहे. जो पॅरामेडिक हे चित्र पाहतो, त्याच्यापाशी हे विघ्न पहिल्याच क्षणी हजर असतं. त्याला रस मिळत नाही, त्याला ओळख पटते. आपल्याला रात्री जे दिसतं ते आणखी कुणाला तरी दिसतं, हे त्याला कळतं. आणि जे आजवर लाजेपोटी सांगितलं नव्हतं ते सांगण्यासारखं आहे, असं वाटण्याची शक्यता निर्माण होते. शास्त्राच्या दृष्टीने हा आस्वादाचा भंग असेल, पण या चित्रांचं सर्वांत महत्त्वाचं काम नेमकं त्या भंगातच होतं. त्यात धोकाही आहे, तो नाकारता येणार नाही. ओळख पटली तशी जखमही उघडी पडू शकते. म्हणून असं चित्र विश्रांतीच्या खोलीच्या भिंतीवर कुणालाही न विचारता टांगणं मला मान्य नाही. पाहायचं की नाही हे ठरवायला वाव हवा, आणि पाहिल्यावर बोलायला माणूस हवा.

मराठी वाचकाच्या मनात इथे आणखी एक शंका येईल, आणि ती हलकी नाही. मानसिक विकाराला भूतबाधा समजून मांत्रिकाकडे नेण्याविरुद्ध महाराष्ट्राने दीर्घ लढा दिला. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरलं. मग दुखऱ्या मनाभोवती मृतांच्या आकृती आणि सावल्या काढणारी ही चित्रं तीच समजूत मागच्या दाराने आत आणत नाहीत का? मला तसं वाटत नाही. भूतबाधेची समजूत दुःखाचं कारण बाहेर ठेवते: कुणीतरी लागलं आहे, ते काढा. या चित्रांतल्या आकृती बाहेरून आलेल्या नाहीत. त्या माणसाने ज्यांचे हात धरले होते त्यांच्या त्या आठवणी आहेत, आणि त्या काढून टाकायच्या नाहीत, त्यांच्यासह जगायला शिकायचं आहे. तरी ग्रामीण भागात असं चित्र लावताना सोबत दोन वाक्यं लिहिणं आवश्यक राहील, एवढं मान्य करायला हवं.

माझ्या मते या चित्रांचं खोल मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. रोगाच्या भाषेत न मावणारं काही ती दाखवतात, ते म्हणजे अपराधभाव. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ‘इलियड’चा आधार घेतला आणि १९९४च्या आपल्या पुस्तकात नैतिक जखमेचा विचार मांडला, पुढे इतर अभ्यासकांनी, जे रोखायला हवं होतं ते रोखता न आल्याचा सलही त्यात धरला. महाभारताने हे फार पूर्वी ओळखलं होतं. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, त्वचेची आग होते, गांडीव हातातून निसटतं. व्यासांनी विषाद शरीरावर दाखवला. त्यावर श्रीकृष्णाचं पहिलं बोलणं काय आहे? हा दुबळेपणा तुला शोभत नाही, ऊठ. आणि या बोलण्याने अर्जुन उठत नाही. जगातल्या प्रत्येक दलात वरिष्ठ जे पहिल्यांदा सांगतात तेच तिथे सांगितलं गेलं, आणि ते पुरेसं ठरलं नाही. पुढचा सगळा संवाद करावा लागला. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर तर युद्ध जिंकलेला आहे. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर त्याला राज्यच नको वाटतं. भाऊ, द्रौपदी, ऋषी सगळे समजावतात की तुझा दोष नाही, आणि त्याचं समाधान होत नाही. ज्याने सगळं नियमाप्रमाणे केलं तरी मूल वाचलं नाही, त्या पॅरामेडिकला तुझी चूक नव्हती एवढं सांगून का भागत नाही, हे युधिष्ठिराकडे पाहिलं की समजतं. त्याला निर्दोषत्वाचा दाखला नको असतो; त्या मृत्यूचं ओझं खरं आहे हे कुणीतरी मान्य करायला हवं असतं. मृताची आकृती त्याच्या शेजारी बसवणारं चित्र ते मान्य करतं.

शेवटचा आक्षेप राजकीय आहे आणि त्याला उत्तर देण्याऐवजी मी त्याचा स्वीकारच करीन. असं म्हणतात की ही चित्रं दुःख माणसाच्या आत ढकलतात. लांबलेल्या पाळ्या, अपुरं मनुष्यबळ, उपचाराला जाण्याची भीती हे सगळं चौकटीबाहेर राहतं. हे खरं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका मोठ्या सर्वेक्षणात सार्वजनिक सुरक्षेच्या कामातल्या ५,८००हून अधिक जणांनी भाग घेतला, आणि त्यांतल्या ४४.५ टक्क्यांमध्ये कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराची चिन्हं चाळणीत दिसली. चाळणी म्हणजे निदान नव्हे, आणि भाग घेणारे स्वेच्छेने आलेले होते, हे लक्षात ठेवूनही हे प्रमाण एकेकट्या दुबळ्या मनांचं मानता येत नाही. पण याच कॅनडात अल्बर्टाने २०१२ साली नियम बदलला: अशा कर्मचाऱ्याला पीटीएसडीचं निदान झालं, तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं, कोणत्या प्रसंगामुळे झाला हे त्याने सिद्ध करत बसायचं नाही. माझ्या दृष्टीने हा कायद्याने केलेला शब्दप्रमाणाचा स्वीकार आहे. चित्र ज्या विश्वासाची मागणी करतं, त्याच विश्वासाचं ते भरपाईच्या अर्जातलं रूप. ज्या राज्यात असा नियम नाही तिथे केवळ चित्रप्रदर्शन भरवणं अपुरं आहे. आपल्याकडचंच पाहा. मुंबईत १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर त्या दिवशी अग्निशमन दिन पाळला जातो. जे गेले त्यांचं स्मरण आपण करतो, ते करायलाच हवं. त्या आगीतून परतून पुन्हा पाळीवर रुजू झालेल्यांसाठी मात्र दिनदर्शिकेत काहीच नाही.

या सगळ्या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा नियंत्रण कक्षात होते. १०८ किंवा ११२ला आलेला फोन उचलणारी व्यक्ती घटनास्थळी कधीच जात नाही. तिला किंकाळी ऐकू येते, श्वास थांबल्याचं कळतं, रुग्णवाहिका पोचते आणि फोन तुटतो; पुढे काय झालं हे तिला अनेकदा कळतही नाही. तिच्या दुःखाचं प्रत्यक्ष दृश्य जगात कुठेच नाही, कारण ती घटना तिनेही पाहिलेली नाही. तिच्या बाबतीत बातमीचं छायाचित्र म्हणजे खुर्चीवर हेडफोन लावून बसलेली एक व्यक्ती, एवढंच. ती जे ऐकत राहते ते कुणाला दाखवायचं ठरलं, तर तिला विचारून, तिच्या सांगण्यावरून, ते रचावंच लागेल.